चुकायला राखून ठेवलेली जागा

खोल समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या नियोजनाचा क्रमच उलटा असतो. सगळ्यात मोठा खर्च सगळ्यात आधी होतो आणि सगळ्यात भरवशाची माहिती सगळ्यात शेवटी हाती येते. जमिनीवर एक विहीर घ्यावी, तिचं तेल टँकरने हलवावं, वर्षभर ती कशी वागते ते बघावं आणि मग दुसरीचं ठरवावं, अशी चाल चालते. दीड हजार मीटर पाण्याखाली ती चालत नाही. तिथे पहिलं बॅरल वर येण्याआधी तरंगतं उत्पादन-जहाज बांधून, नांगरून, जोडून तयार लागतं, तळावरच्या पाईपलाईन अंथरलेल्या लागतात आणि निम्म्या विहिरी खोदून झालेल्या लागतात. म्हणजे तीन-चार विहिरी, काही बाटल्या नमुने आणि भूकंपलहरींची चित्रं एवढ्या शिदोरीवर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची यंत्रणा पक्की करायची.

या कामातलं कौशल्य अचूक अंदाज बांधण्यात असावं, असं बाहेरून वाटतं. मला तसं वाटत नाही. अंदाज चुकतातच. ते कोणत्या बाजूला आणि किती चुकतील, चुकल्यावर यंत्रणेचा कोणता भाग बदलता येईल आणि कोणता मुळीच येणार नाही, याची आधी वाटणी करून ठेवणं हे यातलं अवघड काम.

पाणी किती खोल झालं की खोल म्हणायचं? समुद्रतळावर पाय रोवून उभा राहणारा पोलादी सांगाडा सुमारे चारशे मीटरपर्यंतच परवडतो. मेक्सिकोच्या आखातातला १९८८चा बुलविंकल प्लॅटफॉर्म ४१२ मीटर पाण्यात उभा राहिला, आणि त्या जातीच्या सांगाड्यांची मजल तिथेच संपली. त्यापुढे जवळजवळ सगळं तरंगतं. १५०० मीटरपुढच्या पाण्याला अतिखोल म्हणतात. तिथे तळाशी दीडशे बारहून जास्त दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आणि बाराही महिने चार अंशांच्या आसपासचं पाणी. माणसाचा हात तिथे पोचत नाही, त्यामुळे प्रत्येक झडप आणि प्रत्येक जोड दूरनियंत्रित यानाच्या पंज्याला जमेल असाच आखावा लागतो.

सुरुवात साठ्याच्या हिशेबापासून होते, आणि तो हिशेब निव्वळ गुणाकाराचा आहे. समजा साठ्याचा पसारा ४० चौरस किलोमीटर आणि तेल धरणाऱ्या वाळूची निव्वळ जाडी ३० मीटर. म्हणजे १२० कोटी घनमीटर खडक. सच्छिद्रता २५ टक्के, त्या छिद्रांत तेलाचा वाटा ७५ टक्के. खालचं तेल वर आलं की त्यातला वायू सुटतो आणि तेल आकसतं, म्हणून १.४ने भागायचं. उत्तर साधारण १६ कोटी घनमीटर, म्हणजे १०० कोटी बॅरल. त्यातलं ३५ टक्के निघेल असं धरलं तर ३५ कोटी बॅरल.

आता जाडी ३०ऐवजी २४ मीटर, सच्छिद्रता २२ टक्के, तेलाचा वाटा ७० टक्के आणि निघणारं प्रमाण २५ टक्के धरा. यातला एकही आकडा वेडगळ नाही. त्याच विहिरींचे लॉग, म्हणजे खडकाच्या मोजमापांच्या नोंदी, वाचून दोन जाणती माणसं हे दोन वेगळे संच मांडू शकतात. उत्तर साडेसोळा कोटींवर येतं. उलट बाजूला ३६ मीटर, २७ टक्के, ८० टक्के आणि ४५ टक्के धरले की ६२ कोटींच्या पुढे जातं. खालच्या आणि वरच्या उत्तरात जवळजवळ चौपट फरक. चारही आकडे एकाच वेळी वाईट किंवा एकाच वेळी चांगले निघण्याची शक्यता कमी असते, म्हणून संगणकावर हजारो वेळा फासे टाकून कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज काढतात. इथली नेहमीची खोड म्हणजे मधला आकडा आधी मनात धरायचा आणि बाकीचे दोन त्याच्या अंगाला चिकटवून मांडायचे. बैठकीत पट्टा अरुंद दिसला की सगळ्यांना बरं वाटतं. त्या समाधानाची किंमत पुढे जहाजाच्या आकारात मोजावी लागते.

तरीही किती तेल आहे यापेक्षा ते एकमेकांशी जोडलेलं आहे का, हा प्रश्न जास्त घातक. खोल पाण्यातले बरेचसे साठे प्राचीन काळी समुद्राच्या उतारांवरून घसरत आलेल्या वाळूच्या लोंढ्यांनी तयार झाले. कुठे वाळू चादरीसारखी सलग पसरलेली, कुठे नागमोडी नाळांमध्ये अडकलेली, मध्ये चिखलाचे थर आणि वरून भ्रंशांनी, म्हणजे खडकातल्या सरकलेल्या भेगांनी, केलेले तुकडे. भूकंपलहरींच्या चित्रात दहा-पंधरा मीटरपेक्षा पातळ गोष्टी नीट उमटत नाहीत. विहिरीमागून विहीर कोरडी पाडणारा चिखलाचा थर मात्र अर्ध्या मीटरचाही असू शकतो.

इथे एक सापळा आहे. दोन विहिरींत वेगवेगळ्या खोलीवर दाब मोजले आणि ते एकाच सरळ रेषेवर बसले, की साठा सलग असल्याची ग्वाही मिळाली असं मानायचा मोह होतो. पण ते दाब लाखो वर्षांत जुळलेले असतात. किंचित झिरपणारा भ्रंशही तेवढ्या काळात दोन्ही बाजूंचा दाब सारखा करून टाकतो. उत्पादनाचा काळ दशकांचा, आणि तेवढ्यात तोच भ्रंश भिंतीसारखा वागतो. दाब जुळले नाहीत तर मध्ये अडथळा आहे हे नक्की कळतं. जुळले तर फारसं काही कळत नाही. तेलाच्या रासायनिक ठशांची तुलना थोडी मदत करते. खात्रीचा उपाय एकच, विहीर बराच काळ वाहती ठेवून दाब कसा उतरतो ते पाहायचं. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, २१०० मीटरहून जास्त पाण्यात आणि मिठाच्या प्रचंड जाड थराखाली २००६ साली तुपी क्षेत्र सापडलं, तेव्हा नेमकं हेच केलं गेलं. २००९पासून एका जहाजावर दीर्घकाळ उत्पादन-चाचणी, २०१०च्या अखेरीस एक पथदर्शी जहाज आणि त्यानंतर मोठ्या जहाजांची रांग. दोन वर्षं उशीर झाला असं कुणी म्हणेल. मला तो उशीर स्वस्तात पडलेला वाटतो.

साठ्याइतकाच नमुन्याचाही विचार लागतो. खोदताना वापरलेल्या तेलयुक्त चिखलाने नमुना बाटला, तर वायूचं प्रमाण, तेलातलं मेण गोठायचं तापमान, डांबरासारख्या अ‍ॅस्फाल्टीनचा स्वभाव हे सगळं चुकीचं मोजलं जातं. म्हणून नमुना घेणारं साधन विहिरीत तासन्‌तास पंप करत बसतं आणि बाटवणूक पुरेशी उतरली की मगच बाटली भरतं. रिगचं रोजचं भाडं लाखो डॉलरांत असताना कुणीतरी 'आता पुरे' म्हणतोच. त्या वाचवलेल्या सहा तासांवर पुढे पाईपलाईनचा धातू ठरतो. तेलासोबत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी असेल तर साधं पोलाद टिकत नाही. आतून गंजरोधक मिश्रधातूचं अस्तर लावायचं की गंजरोधक रसायन सोडत राहायचं, हा कोट्यवधींचा फरक. हायड्रोजन सल्फाइडचा अंश असेल तर जवळजवळ प्रत्येक धातूची निवड पुन्हा तपासावी लागते.

मग तरंगणारं काय असावं? चार घराणी आहेत: जहाजासारखं एफपीएसओ, ताणलेल्या पोलादी नळ्यांनी तळाशी बांधलेलं टीएलपी, उभ्या खोल नळकांड्याचं स्पार आणि चार खांबांवर तरंगणारं सेमी. याखेरीज जवळपास आधीच एखादं केंद्र असेल तर नवीन काहीच न बांधता त्याला पाईपलाईनने जोडून घेता येतं. छोट्या साठ्याला बहुतेकदा तेवढंच परवडतं. निवडीचा पहिला प्रश्न विहिरींचा. साठा आटोपशीर असेल, एकाच जागेवरून तिरक्या विहिरींनी सगळीकडे पोचता येत असेल आणि विहिरींत वारंवार उतरावं लागणार असेल, तर विहिरीचं तोंड वर डेकवर आणणं फायद्याचं, कारण दुरुस्तीसाठी रिग भाड्याने बोलवावी लागत नाही. त्यासाठी कमी हलणारं टीएलपी किंवा स्पार लागतं. टीएलपीच्या नळ्यांचं वजन खोलीबरोबर वाढत जातं, त्यामुळे साधारण दीड हजार मीटरनंतर ते मागे पडतं. मेक्सिकोच्या आखातातलं पेर्दिदो हे स्पार मात्र सुमारे २४५० मीटर पाण्यात उभं आहे. साठा वीस किलोमीटरवर विखुरलेला असेल तर विहिरींची तोंडं तळावरच ठेवावी लागतात.

दुसरा प्रश्न, तेल न्यायचं कसं. मेक्सिकोच्या आखातात समुद्राखाली पाईपलाईनचं जाळं आहे, म्हणून तिथे साठवण नसलेली केंद्रं चालतात. पश्चिम आफ्रिका, ब्राझील, गयाना इथे ते जाळं बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून पोटात तेल साठवणारं एफपीएसओ. साठवण किती ठेवायची याचं गणित सोपं आहे. रोज १ लाख २० हजार बॅरल उत्पादन, न्यायला येणारं जहाज १० लाख बॅरलचं, आणि ते वादळाने किंवा बंदरातल्या गर्दीने पाच दिवस उशिरा येऊ शकतं असं धरलं, तर १० अधिक ६ असे किमान १६ लाख. त्यात टाक्यांची तपासणी आळीपाळीने करायची म्हणून एखादी टाकी कायम रिकामी धरली की आकडा आणखी वर सरकतो. अंगोलाच्या जिरासोल क्षेत्रात, १३५० मीटर पाण्यात, २००१च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या जहाजाची उत्पादनक्षमता दिवसाला सुमारे २ लाख बॅरल आणि साठवण २० लाख.

जहाज नांगरायचं कसं, हे लाटा ठरवतात. लाटा वर्षभर जवळजवळ एकाच दिशेने येत असतील तर चारही कोपरे बांधून टाकता येतात. दिशा बदलत असेल तर जहाजाला नाकावरच्या बुरुजाभोवती, म्हणजे टरेटभोवती, फिरू द्यावं लागतं, आणि मग सगळे पाईप, तारा, हायड्रॉलिक नळ्या त्या फिरत्या सांध्यातून जातात. घानाच्या ज्युबिली क्षेत्राने २००७च्या शोधानंतर साडेतीन वर्षांच्या आत तेल काढलं, ही वेगाची कामगिरीच होती. २०१६ साली त्याच जहाजाच्या टरेटचं बेअरिंग बिघडल्याचं आढळलं आणि शेवटी जहाज एका दिशेला कायमचं बांधून टाकावं लागलं. वर्षानुवर्षं बंदरात जाणार नसलेल्या जहाजावर फिरता भाग जितका कमी तितका चांगला, असं माझं ठाम मत आहे. पण जिथे वारा चारही दिशांनी झोडपतो तिथे ठाम मतांना कुणी विचारत नाही.

आता या विषयाचा गाभा. खोल समुद्रातल्या तेलक्षेत्राचा शत्रू थंडी आहे. साठ्यातून सत्तर-ऐंशी अंशांचं तेल निघतं आणि चार अंशांच्या पाण्यातून कित्येक किलोमीटर वाहतं. त्यात वायू आणि पाणी असतंच. दीडशे बार दाबाखाली वायू आणि पाणी वीस अंशांच्या आसपासच एकत्र येऊन बर्फासारखं घट्ट हायड्रेट बनवतात. तेल वाहतं आहे तोवर ऊब टिकते. वाहणं थांबलं की घड्याळ सुरू होतं.

हे घड्याळ संपूर्ण आराखडा ठरवतं. एखाद्या सेन्सरने खोटा इशारा दिला आणि सगळं बंद पडलं असं धरा. पहिले तीन तास काहीच न करता कारण शोधायला आणि पुन्हा सुरू करायला ठेवतात, कारण बहुतेक बंद असे किरकोळच असतात. तेवढ्यात जमलं नाही तर प्रत्येक विहिरीच्या ट्रीमध्ये (तोंडावरच्या झडपांच्या संचात) आणि तिला मॅनिफोल्डशी (अनेक विहिरींचं तेल एकत्र करणाऱ्या जोडाशी) जोडणाऱ्या जंपरमध्ये (आखूड पाईपमध्ये) मेथॅनॉल, म्हणजे हायड्रेट होऊ न देणारं रसायन, भरायचं. एका विहिरीला ४० मिनिटं लागली आणि ९ विहिरी असल्या तर सहा तास झाले. मग पाईपलाईनमधलं जिवंत तेल ढकलून त्या जागी वायू काढून टाकलेलं मृत तेल भरायचं. दोन लूप (जाऊन परत येणाऱ्या दुहेरी पाईपलाईन), प्रत्येकी चार तास, म्हणजे आणखी आठ. शेवटचा लूप भरून होईतो सतरा तास उलटले. म्हणून त्या पाईपलाईनचं तापमान सतरा तास, वर थोडी सवलत धरून, हायड्रेट बनण्याच्या तापमानाच्या वर राहील एवढं उष्णतारोधन लागतं. साध्या फेसाळ प्लास्टिकच्या थराने भागेल की पाईपात पाईप घालून मध्ये पोकळीत रोधक भरायचा, हे या बेरजेतून निघतं. उलटही करता येतं: जास्त क्षमतेचा मेथॅनॉल पंप घेतला की रोधन हलकं चालतं. या दोन खर्चांची तुलना दोन वेगवेगळे विभाग वेगवेगळ्या महिन्यांत करतात, आणि मग दोन्हीकडे महागडा पर्याय घेतला जातो. असं सर्रास घडतं.

मेथॅनॉल आधी जंपर आणि ट्रीला का? कारण ते बारीक, उघडे आणि धातूने भरलेले, त्यामुळे सगळ्यात आधी गारठतात. शंभर मीटर उत्तम रोधन करून दाबमापकाचा एक नळकांडा उघडा राहिला तर गाठ तिथेच धरते. झडपांच्या कोपऱ्यात पाणी साचून राहील असे खळगे तर आराखड्यातच शोधून काढावेत.

उथळ पाण्यात एक सोपा उपाय असतो, दाब सोडून द्यायचा. चार अंशांना हायड्रेट टाळायचं तर वायूच्या घटकांनुसार दाब दहा-वीस बारपर्यंत उतरवावा लागतो. पण तळापासून जहाजापर्यंत येणाऱ्या दीड हजार मीटर उंच पाईपमध्ये, म्हणजे रायझरमध्ये, नुसतं तेल भरून राहिलं तरी त्याच्या वजनाचाच दाब शंभर बारच्या पुढे. वरून कितीही सोडा, तळाशी तो राहतोच. त्यामुळे खोल पाण्यात लूप ही चैन राहत नाही. आणि गाठ झालीच, तर दाब दोन्ही बाजूंनी सावकाश उतरवायचा. एकाच बाजूने घाईने सोडला तर सुटलेली गाठ बंदुकीच्या गोळीच्या वेगाने धावते आणि पुढच्या वळणावर पाईप फोडते. अशा अपघातांत माणसं गेली आहेत.

हायड्रेटची धाकटी बहीण मेण. ते हळूहळू भिंतीवर चढतं आणि पिग, म्हणजे पाईपातून ढकलायचं खरवडणारं साधन, पाठवून काढता येतं. त्यासाठी लूपचे दोन्ही पाय एकाच व्यासाचे हवेत, आणि पैसे वाचवायला परतीचा पाय बारीक करणारा कुणीतरी प्रत्येक प्रकल्पात भेटतो. जास्त त्रास तेल थंड होऊन आळलं की होतो. आतला व्यास २५ सेंटिमीटर, लांबी १० किलोमीटर आणि आळलेल्या तेलाची ताकद २० पास्कल असेल तर ते हलवायला ३२ बार लागतात. ताकद ५० पास्कल निघाली तर ८० बार. तो आकडा प्रयोगशाळेतल्या थंड करण्याच्या वेगावर प्रचंड बदलतो, म्हणून प्रयोग समुद्रतळाच्या वेगाने थंड करूनच करावा.

साठ्यातला दाब टिकवायला पाणी ढकलावं लागतं. रोजचं १ लाख २० हजार बॅरल वरचं तेल म्हणजे साठ्यातली १ लाख ६८ हजार बॅरल जागा रिकामी होते, शिवाय तेलासोबत येणारं पाणी. म्हणून दोन लाखांच्या आसपास पाणी ढकलण्याची तयारी. समुद्राचं पाणी तसंच चालत नाही. त्यात लिटरमागे सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. साठ्यातल्या पाण्यात बेरियम असेल तर दोन्ही मिळून बेरियम सल्फेटचा दगड बनतो, आणि तो सहजासहजी कशातही विरघळत नाही. बारीक पडद्यांतून गाळून सल्फेट चाळीसच्या खाली आणतात. हे गाळणयंत्र मागाहून बसवू म्हणून वगळलं, तर जहाजावर त्याला ना जागा उरते, ना वजनाची मुभा, ना वीज.

हीच गोष्ट वायूची. जाळून टाकणं आता बहुतेक ठिकाणी चालत नाही. तो परत साठ्यात ढकलायचा किंवा पाईपलाईनने न्यायचा. अनेक क्षेत्रांत उत्पादनाला पुढे वेसण घालतो तो तेलाच्या बाजूचा पाईप नसतो, तर वायूचा कॉम्प्रेसर किंवा पाणी वेगळं करणारं भांडं. तेलक्षमता जाहिरातीत छापली जाते म्हणून ती वाढवून घेतात आणि या दोन्हींना हात आखडता. मला विचाराल तर तेलाचे दहा हजार बॅरल कमी करा, पण पाण्याची क्षमता वाढवा. सातव्या वर्षी विहिरींतून अर्धं पाणीच येणार आहे.

विहिरींकडे वळलं की वेळ हा मुख्य आकडा होतो. ९ उत्पादक आणि ७ पाणी ढकलणाऱ्या अशा १६ विहिरी, प्रत्येकी ७५ दिवस: एका रिगला १२०० दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षं. ढिसूळ वाळू वर येऊ नये म्हणून प्रत्येक विहिरीच्या तळाशी जाळी आणि खड्यांचा थर बसवावा लागतो, आणि तो बसवताना घसरला तर विहीर आयुष्यभर अर्धीच वाहते. खोल पाण्यात खोदण्याची खिडकीही अरुंद. चिखलाचं वजन थोडं कमी पडलं तर विहीर आत वाहू लागते, थोडं जास्त झालं तर खडक फाटतो, कारण वरचा दीड किलोमीटर भार खडकाऐवजी पाण्याचा आहे. म्हणून केसिंगचे, म्हणजे विहिरीला आतून आधार देणाऱ्या पोलादी नळ्यांचे, टप्पे जास्त, आणि प्रत्येक टप्प्यागणिक शेवटची नळी बारीक. तळाखालच्या उथळ थरांत कोंडलेली वाळू असेल तर पाण्याचे लोंढे सुटतात. मेक्सिकोच्या आखातातल्या उर्सा क्षेत्रात अशा लोंढ्यांनी विहिरींचा पहिला संच वाया घालवला. त्याच आखातातल्या मकोंडो विहिरीच्या २० एप्रिल २०१०च्या स्फोटात ११ माणसं गेली आणि विहिरीचं तोंड बंद करायला ८७ दिवस लागले. त्यानंतर तळावर बसवायचं टोपण आणि मदत-विहिरीची, म्हणजे बिघडलेल्या विहिरीला खालून गाठणाऱ्या दुसऱ्या विहिरीची, जागा या दोन गोष्टी आराखड्याच्या पहिल्याच आवृत्तीत असायला हव्यात, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

समुद्रात सगळ्यात आधी शिक्षा होते ती दोन विभागांच्या सीमेवरच्या गोष्टींना. ब्राझीलच्या रोन्काडोर क्षेत्रातलं पी-३६ केंद्र मार्च २००१मध्ये स्फोटांनंतर बुडालं, ११ जण दगावले. सुरुवात झाली ती एका खांबाच्या आत ठेवलेल्या निचऱ्याच्या टाकीत दाब वाढून ती फुटण्यापासून. तरंगण्यासाठी असलेल्या खांबात तेलाचा संबंध येणारं भांडं ठेवायचं का, हा प्रश्न प्रक्रियावाल्यांचा की जहाजवाल्यांचा? मेक्सिकोच्या आखातातलं थंडर हॉर्स केंद्र जुलै २००५मध्ये चक्रीवादळासाठी रिकामं केलं होतं. माणसं परतली तेव्हा ते कलंडलेलं होतं. झडपांच्या हायड्रॉलिक नियंत्रणातल्या दोषाने पाणी टाक्याटाक्यांत सरकत गेलं होतं. ते सरळ केलं, तर पुढच्या वर्षी तळावरच्या मॅनिफोल्डच्या वेल्डमध्ये चिरा सापडल्या. गंज रोखणाऱ्या विद्युतव्यवस्थेतून तयार होणारा हायड्रोजन दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात शिरून तो ठिसूळ करतो, हे त्यातून साऱ्या उद्योगाने गंभीरपणे घेतलं. १९९९ साली सापडलेल्या त्या क्षेत्रातून तेल आलं जून २००८मध्ये. गयानातलं लिझा मे २०१५मध्ये सापडलं आणि डिसेंबर २०१९मध्ये वाहू लागलं. तिथे पहिलं जहाज १ लाख २० हजार बॅरलचं, जुन्या टँकरचं रूपांतर करून घेतलेलं. दुसरं, २ लाख २० हजारांचं, २०२२मध्ये आलं. आधी बेताचं घेऊन साठा समजून घ्यायचा आणि मग मोठं बांधायचं, हा क्रम मला पटतो.

राखीव जागा ठेवायच्या त्या कुठे, हा शेवटचा आणि पैशावरून सगळ्यात भांडणाचा भाग. आकडे वाईट निघाले तर मोठं जहाज अर्धं रिकामं चालतं. चांगले निघाले तर लहान जहाज वीस वर्षं तेल अडवून धरतं. मेक्सिकोच्या आखातातलं मार्स क्षेत्र १९८९ला सापडलं, १९९६मध्ये टीएलपीवरून सुरू झालं आणि साठा अपेक्षेपेक्षा मोठा निघत गेला, तेव्हा २०१४ साली तिथे दुसरं टीएलपी उभं राहिलं. एवढं नशीब सगळ्यांचं नसतं. म्हणून स्वस्तातल्या जागा आधी घ्याव्यात: जहाजाच्या कडेला रायझर टांगायचे दोन-तीन जादा कोनाडे, अंबिलिकलमध्ये, म्हणजे जहाजावरून तळाकडे जाणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडग्यात, दोन-चार जादा नळ्या आणि तारा, प्रत्येक मॅनिफोल्डवर झाकण लावलेलं एक जादा तोंड, डेकवर एका मोड्यूलएवढा रिकामा चौक आणि त्याचं वजन पेलणारा सांगाडा. यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य. मागाहून हेच करायचं तर उत्पादन बंद करून समुद्रात वेल्डिंग. याउलट जादा कॉम्प्रेसर, जादा टर्बाइन आधीच घेऊन ठेवणं म्हणजे पैसे गंजत ठेवणं. त्यांची फक्त जागा राखावी. आणि जादा तोंड ठेवलंत तर दहाव्या विहिरीचे ४० मिनिटांचे मेथॅनॉलही घड्याळात मोजा. हे विसरलं की ते तोंड कागदावरच राखीव राहतं. अंगोलाच्या पाझफ्लोर क्षेत्रात जड, कमी दाबाच्या तेलासाठी वायू तळावरच वेगळा करून द्रव पंपाने वर ढकलायची यंत्रणा २०११मध्ये सुरुवातीपासूनच बसवली. ज्यांना ती गरज पुढे पडेल असं वाटतं त्यांनी निदान पंपाची वीजतार तरी आजच ओढून ठेवावी.

सगळ्या १६ विहिरींच्या जागा मात्र पहिल्या दिवशी ठरवू नयेत. नऊ-दहा विहिरी तेल सुरू होण्याआधी, उरलेल्या नंतर. पहिल्या दीड वर्षात तळाशी बसवलेले दाबमापक साठ्याचे कप्पे उघड करतात, कोणत्या भ्रंशाने अडवलं आणि कोणत्याने झिरपू दिलं ते कळतं. मग भूकंपलहरींचं सर्वेक्षण पुन्हा करून पाणी कुठवर सरकलं ते बघायचं आणि तेव्हा उरलेल्या सहा-सात विहिरींचे नकाशे काढायचे. रिगचा करार या मधल्या खंडाला सोयीचा नसतो. रिगवाल्याला सलग काम हवं असतं आणि सलग कामाला तो भाव कमी लावतो. तरी तो खंड करारात लिहून घ्यावा, आणि दरम्यान रिग दुसऱ्याच्या क्षेत्रावर पाठवायची मुभाही त्याच कलमात घालावी.